कानाला खडा

कणकुंबीच्या पुढं रस्ता गोव्याकडं उतरायला लागतो,
त्याच्या जरा अलीकडं, नागो गावड्याच्या घरामागची कोंड:
माझं केंद्र क्रमांक नऊ.
एक ते आठ खाली, खाऱ्या पाण्यात,
तिथं खाजणाच्या मानशीत शेवटे, काळुंदर, चोणक
टोपलीभर मिळतात, आकडेवारीला पुरून उरतील इतके.
नऊवर दोन पावसाळे शून्य.
शून्य हाही आकडाच, हिरेमठ मॅडम म्हणतात.
पण तो पहाटे पाचच्या अंधारात,
जळवा झटकत लिहावा लागतो.

परवानगीचे अर्ज दोन:
बेळगावला कन्नडातून, पणजीला इंग्रजीतून.
दोन्हीकडं विचारलेलं, मासा कुठला?
मी लिहिलं, जन्म समुद्रात, नक्की कुठं ते ठाऊक नाही;
वाढ नदीत; मरायला पुन्हा समुद्रात.
कारकून म्हणाला, एकच काहीतरी लिहा बाई,
रकाना ल्हान हाय.

नागो म्हणतो अहिर,
दुकानातला बसप्पा म्हणतो हावुमीनु,
खाली खाडीतला पेद्रू म्हणतो वाम.
वहीत मी तिघांचंही लिहून घेतलं,
लॅटिन नाव मागाहून, पेन्सिलीनं.

'मनगटाएवढी यायची गे,' नागो सांगतो,
'रातचं, धबधब्याच्या कडंनं, वल्या फत्तरावरनं सरपटत.
खाली ती भिंत घातल्यापासनं…'
पुढचं वाक्य तो चुलीत सारतो.
मग म्हणतो, 'बाबानं एकदा एक कापली.
तुकडे रातभर टोपलीत हलत होते.
तवापासनं आमच्या घरात कानाला खडा.'

तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या अवसेला,
सापळ्यात एक.
एक्क्याऐंशी सेंटिमीटर.
मी ओरडले असणार, कारण नागोची कुत्री धावत आली.
मॅडमना फोन लागेना, इथं रेंज फक्त
देवळाच्या पायरीवर, तीही गोव्याची.

तिचे डोळे मोठे होते, पोट रुपेरी.
हे मी पाहिलं. नोंदवलंही, दोन्ही, वेगवेगळ्या रकान्यांत.
मग बर्फ, मग लवंगेचं तेल, मग सुरी.

कवटीच्या तळाशी, आतल्या कानात,
एक पांढरा खडा, तांदळाच्या कणीएवढा.
आईच्या कुडीतला खडा पडला होता
तेव्हा आम्ही अख्खं घर झाडलं होतं;
हा त्याहून लहान,
श्वास रोखून धरायचा, नाहीतर उडून जाईल.
ओल्या सँडपेपरवर तो घासला तीन दिवस
आणि भिंगाखाली ठेवला. कडी. कड्यांत कडी.

गोव्यातल्या यंत्रानं सांगितलं:
मधोमध मीठ.
मग एक धूसर पट्टी, दीडेक वर्षाची,
भरती-ओहोटीच्या मधली, ना खारी ना गोडी.
मग गोडं, नुसतं गोडं,
अकरा वर्षं, नागोच्या घरामागं,
त्याच्या भांड्यांची राख चाटत.

अकरा.
मॅडम खूश. वाट अजून उघडी आहे, लिही.
मी लिहायला बसले आणि तारखा मांडल्या.
भिंत नऊ वर्षांपूर्वीची.

म्हणजे ही आधीच येऊन बसलेली.
तिच्यामागून कुणी आलं नव्हतं.
आणि ते मोठे डोळे, ते रुपेरी पोट,
पुस्तकात पान एकशे बाराव्वर आहे सगळं:
खोल समुद्रासाठी डोळे असे होतात.
निघाली होती ती.
सापळा मी नेहमी उताराकडं तोंड करून लावायचे,
खालून वर येणाऱ्यांसाठी;
त्या रात्री अंधारात उलटा लागला होता.

प्रबंधात ओळ एवढीच: केंद्र नऊ, नग एक.

सामान उचलायला गेले तेव्हा नागोनं विचारलं,
'गावली काय गे तुजी अहिर? काय म्हणाली?'
माझा हात कानाकडं गेला,
केस मागं सारायला जातो तसा.
तो बघत राहिला जरा वेळ.
मग म्हणाला, सापळा ठेव जातेलीस तर,
खुराड्याला जाळी पायजे,
मुंगूस येतंय रातचं.