बहात्तर पॉइंट

दिवसभर ती दुसऱ्यांच्या हसण्याला मागून मेण लावते.
बफेलो शहर, एकोणऐंशीचा फेब्रुवारी,
साप्ताहिकाच्या कचेरीचा तिसरा मजला.
बर्नडीन कोझाक, मांडणी विभाग.
आज साबणाची जाहिरात:
कोपरापर्यंत फेसात बुडालेला एक हात,
बाकी बाई कापून टाकलेली.

कापली तिनेच. पोलादी पट्टी धरून, एका दमात.
साहेब म्हणाले होते, मजकुराला जागा हवी.

रात्री कोटाच्या आतल्या खिशातून
ती उरलेली बाई घरी येते.
खांदा, मान, ओठाची एक कड.
न्हाणीघरात, टबावर टाकलेल्या फळीवर एन्लार्जर.
ती मोठी करत जाते, इतकी
की अंगभर गोवर उठावा तसे ठिपके उठतात
आणि बाई दिसायला
दारापर्यंत मागे सरकावं लागतं.

मग अक्षरं.
वळणदार, नाजूक सगळी कचेरीतच राहू दिली.
इथे जाड, उभी, बूट घातलेली.
लाल पट्टी? नको.
लाल लिपस्टिकवाल्यांनी कधीच विकत घेतलाय.

भिंतीपलीकडे आई खोकते.
लाँड्रीत एकतीस वर्षं कॉलरी कडक केल्या तिने,
फोरमनपुढे कधी ब्र काढला नाही.
तो ब्र इथे
बहात्तर पॉइंटांत, काळ्यावर पांढरा:

तुझा हात कुणाकडे आहे?

(मी हे मराठीत आणताना अडते.
तिच्या भाषेत तू आणि तुम्ही एकच.
वाचणारी बाईही तीच, फोरमनही तोच.
मला मात्र आधी ठरवावं लागतं
कुणाला अहो म्हणायचं.)

पहाटे उणे चौदा. ग्रँट स्ट्रीटचा बसथांबा.
ब्रशवरच खळ गोठते.
ती हातमोजे काढून तळव्यांनी कागद दाबते.

संध्याकाळी आई दवाखान्यातून परतली,
बूट काढता काढता म्हणाली,
थांब्यावर कुणीतरी एक बाई चिकटवलीय.
बर्नडीन बटाटे सोलत राहिली.
बस उशिरा आली, मी चारदा वाचलं.
बरं, मग?
मग काय. अजून हसतेय ती, ओठाच्या कडेला.
आणि वरचा कोपरा सुटलाय.

थोड्या वेळाने
वाकड्या बोटांनी तिने मैद्याचा डबा पुढे ओढला.
खळ पातळ होते तुझी.
आण ते पातेलं.