कोपर

रविवारी सकाळी सहाला हिप्परग्याच्या तळ्यावर
आम्ही सात जण.
दोघांचे कॅमेरे भारी, दोघांचे हप्त्यावरचे,
रेवणसिद्धचा मेहुण्याकडून मागून आणलेला,
येमुलकाकांचा जुना, रीळवाला,
आणि माझा मोबाईल, काचेला तडा गेलेला.

मी पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
दिवसभर माणसं मला चौकटीतच भेटतात,
छातीपासून कपाळापर्यंत, हातात मागच्या वर्षीची पावती.
म्हणून असेल, मला वाटायचं
हे आपल्याला जमेल.

आठ वाजले की ऊन
सगळे रंग धुऊन, पिळून, वाळत घालतं.
मग टपरी, चहा,
आणि फोटो या हातातून त्या हातात.

"बगळा मधोमध काय बसवलास बे, देव्हाऱ्यातल्यासारखा?
जिकडं उडणाराय तिकडं जागा सोड."
"तुझं तळं कललंय. सांडेल की पाणी."
"बाईच्या डोक्यातनं विजेचा खांब उगवलाय, बघितलास?"
इलियासभाई कंपाउंडर. ते म्हणतात,
सुई टोचताना धरतो तसा श्वास धरायचा,
आणि समोरच्याला कळायच्या आत मोकळं व्हायचं.

येमुलकाका कमी बोलतात.
एकतीस वर्षं त्यांनी चादरींचे नक्षे काढले,
आलेखाच्या कागदावर, एकेक घर रंगवत.
अजून कुठलाही फोटो हातात आला
की नखानं घरं मोजतात.
"गिऱ्हाईक आधी काठ बघतंय," ते म्हणतात,
"मोर मागनं."

माझा फोटो त्या दिवशी असा होता:
कुंभारीतलं एक दार, उंबऱ्याशी सूप,
सुपात तंबाखू, कापलेली पानं,
पंचवीस-पंचवीसचे बांधलेले कट्टे,
ऊन बरोबर दोऱ्याच्या रिळावर.
आणि उजव्या काठाला
एक कोपर. अर्धं.

"काप," रेवणसिद्ध म्हणाला.
"काप," इलियासभाई.
हप्तेवाल्या दोघांनी तर बोटानं झाकून दाखवलं,
बघा ताई, आता कसं शांत वाटतं.
खरंच वाटत होतं.

काकांनी घरं मोजली. "साडेतीन," म्हणाले.
"अर्धं घर विणता येत नाही.
एक तर पुरं आण, नाहीतर काढ.
कुणाचंय?"

नागमणीचं.
मी मोबाईल वर केला तशी ती सरकली होती,
वद्दु, वद्दु म्हणत, पदर सावरत,
सुपाचा घे, माझा कशाला.
सगळी निघून गेली चौकटीतून.
एवढंच मागे राहिलं.
श्वास धरायला मीच विसरले होते.

पुढच्या शनिवारी परत गेले.
म्हटलं, बस ना पुढे, पुरी ये.
ती हसली. हजार व्हायच्यात आज, म्हणाली,
आणि बोटं थांबली नाहीत.
मग छापून नेलेला जुनाच फोटो पुढे केला.
तिनं तो उन्हात तिरका धरला.
सूप बघितलं नाही, रीळ नाही.
"हे माझं," काठावर बोट ठेवून म्हणाली,
"इथं भाजलं होतं, लहान असताना. बघ, आलंय."
किती वेळा मोठा करून बघितला होता मी फोटो.
तो डाग मला काचेवरची धूळ वाटला होता.

निघताना म्हणाली, दोन काढ.
एक असाच, मला.
एक कोपर कापून, कारखान्याच्या मुनीमाला.
त्याला सूप पुरतंय.

आज टपरीवर दोन्ही ठेवले, शेजारीशेजारी.
लगेच कुणी काही बोललं नाही.
रेवणसिद्ध उगाच मेहुण्याचा कॅमेरा पुसत बसला.
काकांनी चहाचा पेला कापलेल्यावर ठेवला.
गोल डाग उठेल. मुनीमाला चालेल.
आणि दुसऱ्यावर नखानं मोजायला लागले,
काठापासून, आत.