चौदा सेकंद

रविवारी दुपारी बारा वाजता
उतेनाच्या हॉलमध्ये आमच्या मुलींची मॅच असते.
देशातली सगळ्यात वरची लीग. हिच्या वर काही नाही,
वर फक्त पत्रा, आणि पत्र्यावर बर्फ.
हीटिंग दोन वाजता सुरू होतं,
चारच्या मॅचसाठी. चारला पुरुष खेळतात.

मी टेबलावर असते, एकोणीस वर्षं झाली.
आठवडाभर विणकामाच्या कारखान्यात
सुटलेले टाके शोधते, रविवारी सेकंद मोजते.
चेंडू हाती आला की चोवीस.
तेवढ्यात टाका, नाहीतर समोरच्यांना द्या.
टाकलेला चेंडू रिंगला लागून
परत आपल्याच हातात आला, तर पुन्हा मोजायचं,
पण चोवीसपासून नाही. चौदापासून.
हा नियम कुणी केला मला माहीत नाही.
त्याच्या घरात बायका असणार.

आज प्रेक्षक त्र्याऐंशी.
(मोजायला कुणी सांगत नाही, मीच मोजते.)
अलाबामाची डेशॉना बाकावर बसून
दोन मोज्यांवर तिसरा चढवते आणि पगाराचं विचारते.
मंगळवारी, मॅनेजर म्हणतो.
कुठल्या, ते म्हणत नाही.

आणि नऊ नंबरची झिविले.
सोळाची होती तेव्हा तिच्या पाठीवर मिकुतायते लिहिलेलं असे,
म्हणजे मिकुतासची लेक.
लग्न झालं, राउदिएने झाली, म्हणजे राउदिसची बायको.
आमच्याकडे आडनावाच्या शेपटावरूनच कळतं
बाई कुणाच्या दारात उभी आहे.
बाळंतपणात दीड वर्ष गेलं.
परत आली तर क्लबने तोच जुना शर्ट काढला,
अक्षरं उसवून नवी शिवायला मलाच दिली.
उजेडात धरला तर सुईच्या भोकांतून
माहेरचं नाव अजून वाचता येतं.

अठ्ठावन्न, एकोणसाठ. एका गुणाने मागे.
मॅचचे सोळा सेकंद, माझ्या घड्याळात तीन.
डेशॉनाने कोपऱ्यातून टाकला.
चेंडू रिंगच्या खालून, अगदी केसभर खालून गेला,
आणि झिविलेने तो हवेतच धरला.
जाळी हलली.
सगळा बाक उठून ओरडला, लागला, लागला,
आणि त्र्याऐंशी माणसं माझ्या बोटाकडे बघायला लागली.

जाळी म्हणजे रिंग नव्हे.
लोखंड वाजलं नव्हतं.
बोट बटणावर होतं, नुसतं होतं.
शून्य.
बझर वाजला तेव्हा चेंडू तिच्या हातात होता,
मग तो वर गेला आणि इतका सरळ आत पडला
की जाळीला कळलंसुद्धा नाही.
धरला नाही.
उरलेल्या सेकंदांत फाऊल, दोन फ्री थ्रो,
तीन गुणांनी हरलो.

तिसऱ्या रांगेतला अल्फोन्सास जाता जाता म्हणाला,
डोळे तपासून घे बाई.
डोळ्यांचा काय संबंध. मी कानांनी बघते.

हॉल रिकामा झाल्यावर झिविले आली,
कडेवर लीएपा, पायांत नुसते मोजे.
"लागला नव्हता," ती म्हणाली.
"हो."
"मला वाटलं, तू दाबशील."
"मलाही वाटलं."
मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली,
गुडघ्यावर बर्फाची पिशवी,
जशी काही हॉलमध्ये थंडी कमी होती.

लीएपाने बटणावर हात ठेवला.
दोन्ही टोकांना लाल चौदा उमटले,
तेरा, बारा. आम्ही थांबवले नाहीत.
एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बझर वाजला
तशी ती दचकली, मग हसली, मग पुन्हा दाबलं.

दोन वाजले. भिंतीतले पाइप कडकड करू लागले.
पुरुषांची बस अजून यायची होती.
आम्ही तिघी पाइपांना पाठ लावून
तिथेच बसून राहिलो थोडा वेळ.