मोडला नाही, लांबला

शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीच्या काळ्या वाळूच्या ढिगामागे
आमची लॅब. दाराशी चपला काढाव्या लागतात,
त्यामुळे आलेला माणूस कुठल्या खात्यातला
ते पावलांवरून कळतं.

रावसाहेब शिंत्र्यांच्या पावलांवर
उडालेल्या रसाचे तीन जुने डाग.
घरात दोन पिढ्या लोखंड.
आता हे काचतंतूंची पाती करतात,
कोअर ओव्हनवरच्या पंख्यासाठी.
"हातात घेऊन बघा बाई, कापूस हाय कापूस.
गंज न्हाई, वजन न्हाई."

मी पात्याच्या पट्ट्या कापल्या,
वीतभर लांब, बोटभर रुंद.
आत काचेचे धागे, भोवती रेझीन.
धाग्यांनी भार घ्यायचा,
रेझीननं धाग्यांना जागेवर धरायचं,
एवढाच करार.

पंचवीस अंशांना करार पक्का.
साठला पक्का.
नव्वदला आलेख जरा वाकला, मी चष्मा पुसला.
एकशे दहाला
काहीच झालं नाही.
म्हणजे तडा नाही, आवाज नाही.
फक्त मशीन जे जे मागत होतं
ते पट्टी मुकाट देत गेली.

वडणग्याला मामाच्या गुऱ्हाळात
कल्लाप्पा गुळव्या गार पाण्यात बोटं बुडवून
काहिलीतला चिमूटभर पाक उचलायचा.
गोळी वळली की ओरडायचा, उतरवा!
वाहणं आणि थांबणं यांच्यामधली ती अरुंद जागा
त्याच्या बोटांना तोंडपाठ होती.
माझ्याकडे बोटांऐवजी थर्मोकपल आहे,
आणि हे रेझीन गुळासारखं वितळतही नाही.
ते नुसतं होला हो म्हणायला लागतं.

ओढून पाहिलं: धागे अजून ताठ, जवळजवळ तेवढेच.
दाबून पाहिलं:
सगळे एकदम एका अंगाला कलले,
शेजाऱ्यानं खांदा काढून घेतल्यासारखे.
काच तीच होती.
काचेला एकशे दहा म्हणजे काहीच नाही.

मग रात्रभराची चाचणी.
मोडायच्या भाराचा जेमतेम चौथा हिस्सा टांगला,
ओव्हन शंभरावर, आणि बसून राहिले.
नऊ वाजता डबा. अकराला समोरच्या कारखान्याची पाळी सुटली.
एकला रखवालदार दुंडाप्पा डोकावला,
"काय चाललंय?"
"वाट बघतेय."
"कुणाची?"
काटा तेव्हा दोन रेघा पुढे होता.
पहाटे साडेपाचला, सात.

सकाळी शिंत्रे.
"मोडला तर न्हाई न्हवं?"
"मोडला नाही. लांबला."
"लांबला म्हणजे? मोडला न्हाई म्हणजे पास की!"
मी आकडे दाखवले. पातं आणि घेर यांच्यातली फट
दोन मिलिमीटर आहे, म्हटलं,
आणि वर्षात रात्री फार असतात.
ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.
"ह्यो पंचवीस अंशांचा आकडा झकास हाय.
एवढाच लिवा की."
चहा आला. दोघांनीही घेतला.
मी सगळ्या ओळी टाईप केल्या.
शेवटची ठळक केली नाही, पण ठेवली.

त्यांनी कागदाची चौपदरी घडी करून खिशात घातली,
बोलले नाहीत, चपला घातल्या.
बाहेर एप्रिल. रस्ता नवा, डांबर काळंकुळीत.
तासाभरापूर्वी लावलेली त्यांची बुलेट
एका अंगाला झुकलेली:
स्टँडचा पाय डांबरात चांगला बोटभर रुतलेला.
रस्ता कुठं फुटला नव्हता.

त्यांनी गाडी सरळ केली.
वाकून त्या खड्ड्यात करंगळी घातली, खोली बघितली.
मग खिशातला कागद काढून
तिथंच, उन्हात, पुन्हा वाचायला लागले.