वजा एक

तोर्शाव्हनच्या बंदरात पाणी चढतच नाही म्हणा ना.
वीतभर वर, वीतभर खाली,
भरती कधी आली ते दोरखंडालाही कळत नाही.
आणि भरतीची वेळ सांगणारा प्रोग्राम
नेमका इथेच, गोदी कचेरीतल्या तिसऱ्या टेबलावर
मी लिहायला घेतला, सतरा वर्षांपूर्वी.
कोणीही न्यावा, वापरावा,
उसवावा, शिवून परत पाठवावा,
म्हणून उघडाच ठेवला.

नायादेतचा पहिला पॅच आला जूनमध्ये.
इथे रात्रीचे बारा आणि खिडकीत उजेड,
तिच्याकडे, चिलोए बेटांवर, हिवाळा.
एकच ओळ काढली होती तिने.
घातलं काहीच नव्हतं.
ओळ दोनशे चौदा: तास वजा एक.
शेजारी माझीच टीप:
का लागतं ते विचारू नका. हात लावू नका.

मी लिहिलं, टेस्ट कुठे आहे?
तिने टेस्ट लिहून पाठवली.
मी लिहिलं, एका पॅचमध्ये एकच गोष्ट हवी.
तिने दोन केले.
तिसऱ्यांदा तर मी एका स्वल्पविरामावर अडलो.
सुन्वा माझ्यासोबत तपासणी करते.
तिने एवढंच विचारलं,
"कोड तपासतोयस की पोरीला?"

मग मी लिहिलं, कारण सांगा.
हे खरं तर पहिल्यांदाच विचारायला हवं होतं.

कारण आलं. जसंच्या तसं देतो:
"आमच्याकडे पाणी तीन पुरुष उतरतं.
होड्या चिखलात कुशीवर पडतात.
तुमचा प्रोग्राम ओहोटी तासभर आधी सांगतो.
आई पहाटे पाचला टोपली घेऊन उतरते
तेव्हा शिंपल्यांवर अजून कमरेइतकं पाणी असतं.
वजा एक का आहे, मला माहीत नाही.
तुम्हाला माहीत असेल तर ठेवा."

सोबत एक फोटो.
चिखलात रोवलेली काठी,
तासातासाला बांधलेली लाल सुतळी,
प्रत्येक गाठीशी पेनाने लिहिलेली वेळ.
पाचाची गाठ सहाच्या वर होती, चांगली हातभर.

मला माहीत होतं.
कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ
उन्हाळ्यात तासभर मागे चालतं.
कोणी पुढे करत नाही, सगळे मनात एक मिळवतात.
त्या पहिल्या उन्हाळ्यात
पडदा आणि भिंत जुळेना,
आणि मी भिंतीचं खरं मानलं.
वीतभर पाण्यात एक तास म्हणजे
चार बोटंसुद्धा नाहीत.
माझी चूक इथे बुडाली नाही, तरंगली नाही,
नुसती होती.
ती दिसायला मोठं पाणी लागलं.

ठिगळ फाटक्यावर लावतात.
हिने माझं ठिगळ उसवून दाखवलं
तर खालचं कापड धड होतं.

पॅच घेतला.
कुठली ओळ कोणाची हे सांगणाऱ्या आज्ञेला
आमच्या धंद्यात 'दोष' म्हणतात.
ती चालवून पाहिली.
दोनशे तेरा माझी. दोनशे चौदाही माझीच,
कालपर्यंत जी पंधरावी होती.
काढून टाकलेल्या ओळीचा दोष
कोणाच्याच नावावर लागत नाही.
खाली इतिहासात तेवढं राहील:
एक ओळ वजा, नायादेत कार्कामो, आचाओ.
आणि तपासणारा म्हणून मी,
चार फेऱ्या उशिरा.

मग स्टूल ओढलं,
चढलो, घड्याळ उतरवलं,
काच पुसली, काटा तासभर पुढे केला.

सकाळी सुन्वा आली.
भिंतीकडे पाहून सवयीने
मनात एक मिळवला
आणि दहाच्या कॉफीला नऊलाच उठली.
मी काही बोललो नाही.
म्हटलं, बघू,
पॅच पाठवते का.