घट्टे

एइबारमध्ये सपाट जमीन अशी नाहीच.
कारखाने एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभे,
आणि आमची भट्टी सगळ्यांच्या खाली, नदीला लागून.
रात्रपाळीला मी आणि आर्कायत्स.
तो बोलत नाही, मी बोलत नाही,
पंप बोलतो.

टायटॅनियमचा लौकिक मोठा.
हलकं, चिवट, समुद्रालाही दाद न देणारं.
पण घासायची वेळ आली की बावचळतं:
आपल्याच जातीच्या तुकड्याला बिलगतं,
आणि सोडवायला जावं
तर अंगाची सालटी त्याच्याकडेच ठेवून येतं.

वडील हाताने पेलोटा खेळायचे.
कातड्याचा चेंडू, दगडाला लाजवणारा,
तो उघड्या तळव्याने भिंतीवर.
डाव रंगला की हात सुजायचा.
मग ते तो जमिनीवर उताणा ठेवायचे
आणि मला म्हणायचे, उभी राहा.
सात वर्षांची मी, बूट काढून, रक्त खाली दाबत.
त्यांचे घट्टे
माझ्या तळपायांना अजून पाठ आहेत.

पुढे त्यांना खुबा बसवला.
दांडा टायटॅनियमचा, गोळाही टायटॅनियमचा,
वर काहीच नाही.
अकरा वर्षांनी पुन्हा उघडलं तेव्हा
आतलं मांस काळं पडलं होतं,
दौत लवंडावी तसं.
डॉक्टर इदोयांनी गोळा बरणीत घालून दिला.
वडिलांनी तो खिडकीशी धरून फिरवून पाहिला.
‘माझा हात असा कधी झिजला नाही,’
एवढंच म्हणाले.

त्यासाठी मी इथे आले असं नाही.
इथे पगार बरा होता.

आधी आरगॉनचा मार, जुना पापुद्रा उतरवायला.
मग नायट्रोजन.
झरोक्यातून जांभळा उजेड, सोळा तास,
त्याच्या समोर मी डब्यातलं गार बटाट्याचं ऑम्लेट खाते.
सकाळी झाकण उघडलं की सगळे गोळे सोनेरी,
धुरावलेल्या चीजच्या सालीसारखे.
जाडी किती? माझ्या केसाचा विसावा हिस्सा.
हिऱ्याचं टोक टेकवलं तर हिरा जरा थबकतो.

एकदा मला हाव सुटली.
उष्णता वाढवली, तासही वाढवले.
कडकपणाचा आकडा असा आला
की मी तो खडूने भिंतीवर लिहिला.
तोच तुकडा दमवायच्या यंत्रावर चढवला
आणि तो तिसऱ्या दिवशी मोडला.
तडा सुरू झाला होता
त्या सुंदर कातडीपासूनच.
आर्कायत्सने भिंतीवरचा आकडा बाहीने पुसला.
‘खाली मुरलेलं टिकतं,’ तो म्हणाला,
‘नुसतं वर साचलेलं दगा देतं.’
त्या महिन्यातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य.

मला आई गेली ते वर्ष आठवलं.
वडील रडले नाहीत. कोणी आलं तर चीज कापून द्यायचे,
हवामानाबद्दल बोलायचे.
आणि मग शेजाऱ्याची म्हातारी कुत्री मेली
त्या संध्याकाळी जिन्यातच बसले,
त्यांना उठवायला तिघं लागले.

आता दुसरा गोळा आहे, सिरॅमिकचा. कुरकुरत नाही.
तळवे मात्र मऊ पडलेत,
घट्टे कधी उतरले त्यांनाही कळलं नाही.
काल रविवारी चेंडू हुडकून काढला,
अंगणाच्या भिंतीवर चार फटके मारले,
आणि लालबुंद हात फरशीवर उताणा ठेवून
माझ्याकडे बघितलं.

मी चव्वेचाळीस वर्षांची. बासष्ट किलो.
भिंतीला धरून
बुटाची नाडी सोडतेय.