दोनशे चौदावा पाहुणा

सक्करदऱ्यात, लांजेवारच्या चक्कीच्या वर माडी,
माडीत तीन कॉम्प्युटर. कीबोर्डवर बारीक पीठ.
तासाला चाळीस रुपये; लाइट गेली तर
बोलायचं नाही.

बाहेर शेहेचाळीस. कूलरला खसचा वास.
अन् मी न् गुड्डू डोंगरे पाहून राह्यलो
कुठल्याशा थंड देशातली एक बादली.
नुसती बादली. अंगणात ठेवलेली.
कोणीतरी तिच्यावर कॅमेरा लावलेला,
पाच-पाच मिनिटांनी नवा फोटो,
वरून खाली पट्टी-पट्टीनं उतरणारा:
आधी आभाळ, मग कुंपण,
मग कडी, मग बर्फ.

"काऊन लावला असंन बे?"
मला काय माहीत.
खाली आकडा: तुम्ही दोनशे चौदावे पाहुणे.
त्यातले दीडशे तर आम्हीच.

एकदा तिथल्या वहीत लिहून टाकलं, मोडक्या इंग्रजीत:
आमच्याकडे बर्फाला काडी असते,
वरून लाल शरबत.

दुसऱ्या दिवशी पट्टी उतरली.
आभाळ. कुंपण. कडी.
बर्फावर ओतलेलं लाल काहीतरी,
अन् मधोमध खोचलेली
झाडाची चांगली हातभर फांदी.

गुड्डूनं पडद्याला हात लावला.
बोटाला पीठ लागलं.